कॉम्प्युटिंगची फाउंडेशन डिग्री: तिसऱ्या वर्षाचं आधी विचारा

मूळच्या बार्शीच्या आणि आता रेडिंगजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. पत्र लांब होतं, मतलब एवढा: वय ३७. बारावी कॉमर्स, मग एमएस-सीआयटी, मग लग्न. नवऱ्याच्या नोकरीपायी इंग्लंडात येऊन नऊ वर्षं झाली, गेल्या वर्षी आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाला. धाकटा आता दिवसभर शाळेत असतो. स्वतः शाळेच्या किचनमध्ये रोज चार तास काम करतात आणि घरून दहा-बारा डबे देतात. जवळच्या कॉलेजात कॉम्प्युटिंगची फाउंडेशन डिग्री आहे, ती करावी असं मनात आहे. नवरा स्वतः आयटीत. तो म्हणतो, कशाला दोन वर्षं घालवतेस, तीन महिन्यांचा बूटकॅम्प, म्हणजे झटपट कोर्स, कर. नणंद म्हणते, ही अर्धी पदवी, हिला कोण विचारतं. गणित सुटून वीस वर्षं झाली. जमेल का, आणि जमलं तरी उपयोग होईल का?

ताई, मी गेली सोळा वर्षं दक्षिण इंग्लंडमधल्या एका एफई, म्हणजे शाळेनंतरचं शिक्षण देणाऱ्या ‘फर्दर एज्युकेशन’ कॉलेजात हाच अभ्यासक्रम शिकवते. त्याआधी पुण्यात प्रोग्रामर होते. तुमच्यासारख्या विद्यार्थिनी दरवर्षी दोन-तीन तरी असतात, त्यामुळे उत्तर पाठ असल्यासारखं देता येईल, पण तसं देत नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट विचारायची राहून गेली आहे आणि सगळं तिच्यावरच अडतं. तिच्याकडे येतेच.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण नणंदबाईंचा गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा. इथे ‘फाउंडेशन इयर’ नावाचं वेगळं प्रकरण आहे. ते पदवीच्या आधीचं शून्यावं वर्ष, आपल्या बारावीच्या पातळीचं. ‘फाउंडेशन डिग्री’ त्याच्या बरीच वर आहे. ऑनर्स पदवीला ३६० क्रेडिट लागतात, म्हणजे वर्षाला १२० प्रमाणे तीन वर्षं. त्यातल्या पहिल्या दोन वर्षांचे २४० क्रेडिट म्हणजे फाउंडेशन डिग्री. इथल्या भाषेत लेव्हल फोर आणि लेव्हल फाइव्ह. म्हणजे अर्धी म्हणायचीच तर दोन-तृतीयांश म्हणा. नावापुढे ‘एफडीएससी’ लावता येतं. नंतर एक वर्ष ‘टॉप-अप’ केलं, म्हणजे लेव्हल सिक्सचे १२० क्रेडिट मिळवले, की पूर्ण बीएससी ऑनर्स. आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मुलं थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जातात ना, तसंच काहीसं. फक्त इथे थेट तिसऱ्याला.

ही पदवी जुनी नाही. डेव्हिड ब्लंकेट शिक्षणमंत्री असताना २००० साली तिची घोषणा झाली आणि २००१मध्ये पहिले वर्ग भरले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी, मालकांना विचारून अभ्यासक्रम बनवायचा, असा हेतू होता. म्हणूनच कामाच्या ठिकाणी शिकणं हा तिचा सक्तीचा भाग आहे. २०१०च्या आसपास देशभरात लाखभर विद्यार्थी ती करत होते. पुढे फिया वाढल्या, अप्रेंटिसशिप आल्या आणि आकडा उतरला. स्कॉटलंडमध्ये ती नाहीच, तिथे एचएनडी, म्हणजे ‘हायर नॅशनल डिप्लोमा’, चालतो. एचएनडीही याच पातळीचा. तुमच्या कॉलेजात तो असेल तर नाक मुरडू नका.

आता राहून गेलेली गोष्ट. तिसरं वर्ष कुठे करायचं?

बहुतेक एफई कॉलेजांना स्वतःच्या नावाने पदवी द्यायचा अधिकार नसतो. ती एखाद्या विद्यापीठाशी करार करतात. आम्ही शिकवतो, तपासतो, विद्यापीठ देखरेख ठेवतं आणि प्रमाणपत्रावर नाव विद्यापीठाचं येतं. २००७च्या कायद्यानंतर कॉलेजांना स्वतःची फाउंडेशन डिग्री द्यायचा अधिकार मागता येऊ लागला, पण असा अधिकार मिळालेली कॉलेजं मोजकीच. करार म्हटला की तो संपूही शकतो. माझ्याच वर्गात एक बाई होत्या, दोन लहान मुलांची आई. दोन वर्षं उत्तम केली, डिस्टिंक्शनच्या काठावर. दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत समजलं की टॉप-अप आता कॉलेजात नाही. विद्यापीठाच्या मुख्य कॅम्पसवर जावं लागेल, दीड तास जायला, दीड तास यायला, आठवड्यातून तीन दिवस. त्यांनी ते वर्ष केलंच नाही. चूक त्यांची नव्हती. आम्हीही त्यांना प्रवेशाच्या वेळी स्पष्ट सांगितलं नव्हतं, आणि ते मला अजून बोचतं.

म्हणून ओपन डेला गेलात की लॅबमधल्या चकचकीत मॉनिटरवर भुलू नका. तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं? टॉप-अप याच इमारतीत होतं की दुसरीकडे, आणि कोणत्या वारी? त्या टॉप-अपला आपोआप प्रवेश मिळतो की किमान अमुक गुण लागतात? शिवाय ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ या उच्च शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नोंदवहीत ते कॉलेज आहे का, हे घरबसल्या बघता येतं. नसेल तर तिथेच थांबा, कारण मग सरकारी कर्जही सहसा मिळत नाही.

यानंतर वेळेचा हिशेब. गणितापेक्षा हा अवघड आहे. एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचं काम असं इथे धरतात. वर्षाचे १२० क्रेडिट म्हणजे १२०० तास. शिकवण्याचे आठवडे तीसेक. भागाकार केलात तर आठवड्याला ४० तास होतात. कॉलेजवाले जाहिरातीत सांगतात, ‘फक्त दोन दिवस यायचं’. खरं आहे, वर्ग बारा ते पंधरा तासांचेच असतात. उरलेले पंचवीस तास तुमचे तुम्ही काढायचे. किचनमध्ये आठवड्याला वीस तास, त्यात डबे, त्यात मुलं, आणि घरी कोणी ना कोणी पाहुणे असतातच. पार्ट-टाइम केलंत तर साधारण तीन वर्षं लागतात, पण तरी आठवड्याला सत्तावीस-एक तास होतात. माझं मत विचाराल तर किचनची नोकरी सोडू नका, पहिलं वर्षभर डबे थांबवा. का ते पुढे कळेल. (आणि डबे विकत देताय तर कौन्सिलकडे फूड बिझनेस म्हणून नोंद केली आहे ना? फुकट असते, पण लागते.)

गणिताची धास्ती सोडा. पहिल्या वर्षी जे लागतं ते दोनचे घात, बायनरी, संच, आणि ‘आणि-किंवा-नाही’ यांची सत्यता-कोष्टकं. नेटवर्किंगच्या मॉड्यूलमध्ये २५६ पत्त्यांच्या नेटवर्कचे चार सारखे भाग करायला सांगतात: प्रत्येकात ६४ पत्ते, पहिला आणि शेवटचा राखीव, वापरायला उरले ६२. मुलं याला ‘सबनेटिंग’ म्हणून घाबरतात, पण सोसायटीत चार विंग करून फ्लॅटना नंबर द्यायचे तसंच आहे हे. कॅल्क्युलस बहुतेक ठिकाणी नसतोच. प्रवेशासाठी मात्र इंग्रजी आणि गणितात जीसीएसई (इथली दहावी) ग्रेड फोर किंवा त्याच्या तोडीचं काही मागतात. तुमची दहावीची मार्कशीट आधी दाखवा. नाही चालली तर फंक्शनल स्किल्स लेव्हल टू ही इंग्रजी-गणिताची परीक्षा करा. ते प्रौढांना सहसा मोफत असतं.

खरी कसोटी प्रोग्रामिंगच्या पहिल्या सहा आठवड्यांत होते. एक उदाहरण देते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत विद्यार्थी पहिला छोटा प्रोग्राम लिहितात: दोन आकडे विचारायचे आणि बेरीज दाखवायची. समजा सकाळचे डबे १२, संध्याकाळचे ८. प्रोग्राम उत्तर देतो १२८. दरवर्षी अर्धा वर्ग इथे चक्रावतो. कारण असं की कीबोर्डवरून आलेली कोणतीही गोष्ट पायथन अक्षरं म्हणून घेतो. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. ‘ही अक्षरं नाहीत, हा पूर्णांक आहे’ असं आपण सांगितलं की २० येतात. चूक क्षुल्लक आहे, पण तिच्यापुढे माणूस कसा वागतो यावरून मला पुढच्या दोन वर्षांचा अंदाज येतो. कुणी हात वर करून म्हणतो, ‘माझं १२८ येतंय, का?’ कुणी गप्प राहून शेजाऱ्याच्या पडद्यावरून उतरवून घेतो. आपल्याकडच्या मुली, सांगायला वाईट वाटतं, बहुतेकदा दुसऱ्या प्रकारच्या. ‘एवढंही येत नाही का’ हे ऐकायची भीती लहानपणापासून मुरलेली असते. इथल्या वर्गात ती भीती कुणी घालत नाही. सोळा वर्षांत मला सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते एका ४४ वर्षांच्या बसचालकाने, आणि त्यातले बरेचसे प्रश्न अख्ख्या वर्गाच्या मनात असायचे.

आणखी एक, कुणी शिकवत नाही म्हणून सांगते: पायथनने लाल अक्षरांत मोठा निबंध लिहिला की घाबरून वरून वाचायला घेऊ नका. शेवटची ओळ आधी वाचा. चूक कोणत्या प्रकारची आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

आता तुमच्या डब्यांकडे येऊ. डेटाबेसचं मॉड्यूल तुम्हाला सर्वांत सोपं जाईल असं माझं भाकीत आहे, कारण त्यातला निम्मा विषय तुमच्या वहीत आधीच आहे. तुमची वही अशी असणार: तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, फोन, पत्ता, काय मागवलं, किती, दर, पैसे आले की नाही. प्रत्येक ओळीत सगळं. आता समजा जोशीकाकूंनी घर बदललं. त्यांची नोंद चाळीस ठिकाणी आहे. एकोणचाळीस ठिकाणी पत्ता बदललात, एक राहिला, आणि त्या दिवशीचा डबा जुन्या दारात गेला. समजा कुणी फोन करून नाव-पत्ता देऊन ठेवला, ‘पुढच्या महिन्यापासून घेईन’ म्हणाले. ऑर्डर नाही तोवर त्यांना लिहायचं कुठे? आणि समजा उकडीचे मोदक वर्षात एकदाच दिले होते आणि ते पान फाटलं. पानाबरोबर मोदकाचा दरही गेला.

या तिन्ही भानगडींना पुस्तकात भारदस्त नावं आहेत. त्यांवरचा तोडगा आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने १९७०पासूनच्या लेखांतून मांडला: प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहा. गिऱ्हाइकांचा तक्ता वेगळा, पदार्थांचा वेगळा, ऑर्डरींचा वेगळा. मग कळतं की एका ऑर्डरीत तीन पदार्थ असतात आणि एक पदार्थ पन्नास ऑर्डरींत असतो, म्हणून मध्ये चौथा तक्ता लागतो: कोणत्या ऑर्डरीत कोणता पदार्थ किती. विद्यार्थी इथपर्यंत येतात आणि खूश होतात. मग मी विचारते, पोळीभाजीचा दर पदार्थांच्या तक्त्यात ठेवलात, आता जानेवारीत दर वाढवला. डिसेंबरचं बिल पुन्हा छापलं तर काय दिसेल? शांतता. नवा दर दिसेल, आणि गिऱ्हाईक भांडेल. म्हणून विकतानाचा दर त्या चौथ्या तक्त्यात वेगळा लिहून ठेवावा लागतो. वरवर पाहता ‘एकच गोष्ट दोनदा लिहू नका’ हा नियम मोडल्यासारखा वाटतो, पण आजचा दर आणि त्या दिवशीचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. अठरा वर्षांच्या पोरांना पटवायला मला एक तास लागतो.

बाकीची मॉड्यूलं थोडक्यात: वेबसाइट बनवणं, संगणकाची रचना, नेटवर्किंग, सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस, सायबर सुरक्षा, दुसऱ्या वर्षी एक प्रकल्प. कायद्याचाही एक तुकडा असतो, त्यात १९९०चा कॉम्प्युटर मिसयूज अ‍ॅक्ट शिकवतात. त्याची जन्मकथा मजेशीर आहे. ऐंशीच्या दशकात दोन पत्रकारांनी ब्रिटिश टेलिकॉमच्या प्रेस्टेल या फोनलाइनवरून चालणाऱ्या संगणक-सेवेत शिरून थेट प्रिन्स फिलिप यांची टपालपेटी उघडली. खटला झाला, पण ‘बनावट कागदपत्र’ करण्याचा कायदा याला लागू होईना, आणि १९८८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांची सुटका कायम केली. मग दोन वर्षांत हा नवा कायदा आला. लक्षात ठेवायचं ते एवढंच की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं, नुसतं ‘बघायला’ म्हणूनही, गुन्हा आहे.

किचनची नोकरी ठेवा असं म्हणाले ते कामाच्या ठिकाणी शिकण्याच्या मॉड्यूलसाठी. बाकीची मुलं प्लेसमेंट शोधत वणवण फिरतात. तुमच्याकडे ती आयती आहे. इथे १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते. तुमच्या किचनमध्ये ती भिंतीवरच्या तक्त्यात आणि कुणाच्या तरी डोक्यात असेल. कोणत्या मुलाला काय चालत नाही आणि आजच्या जेवणात काय आहे, याचा मेळ घालणारा छोटा डेटाबेस हा फार चांगला प्रकल्प होईल. मुलांची खरी नावं मात्र त्यात घालायची नाहीत, खोटी घालायची. का ते डेटा संरक्षणाच्या तासाला शिकालच. आणि शाळेची लेखी परवानगी आधी घ्यायची.

जिथे आपली माणसं हमखास ठेच खातात ती जागा लिखाणाची आहे. आपण ‘जर्नल पूर्ण करून’ मोठे झालो. बारावीला पुढच्या बाकावरच्या मुलीचं जर्नल आणून रात्रीत उतरवलं, सह्या घेतल्या, झालं सबमिशन. इथे तेच केलं तर ती वाङ्मयचोरी, आणि चौकशी बसते. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर कुठून घेतलं ते तिथल्या तिथे लिहायचं, स्वतःच्या शब्दांत मांडलं तरीही. असाइनमेंट जमा करताना सॉफ्टवेअर ती जगभरच्या मजकुराशी ताडून बघतं. चॅटजीपीटीचं विचाराल तर प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावर किती वापर चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचा. मी स्वतः आता प्रत्येक प्रोग्रामनंतर दहा मिनिटं तोंडी विचारते: ही ओळ काढली तर काय होईल? ज्याने स्वतः लिहिलं तो अडखळत का होईना सांगतो. ज्याने आणलं तो माझ्याकडे बघत राहतो.

त्याहून परकं वाटणारं म्हणजे ‘रिफ्लेक्टिव्ह लॉग’. काय केलं, काय फसलं, का फसलं, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. आपल्याला फसलेलं लिहायची सवय नाही. सगळं छान झालं, सरांनी मार्गदर्शन केलं, असं लिहायची आहे. इथे ‘सगळं छान झालं’ याला गुण नाहीत. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘तीन तास चूक शोधली, शेवटी एक कोलन राहिला होता, रडू आलं, मग दर दहा ओळींनी प्रोग्राम चालवून बघायचं ठरवलं.’ तिला मी ७२ दिले.

७२ वरून आठवलं. इथले गुण बघून खचू नका. पास ४०ला. बहुतेक विद्यापीठांत ६०ला मेरिट आणि ७०ला डिस्टिंक्शन. माझ्या वर्गातल्या एका मराठी मुलीच्या वडिलांनी ६४ ऐकून तिला रात्री उशिरापर्यंत झापलं. बिचारी दुसऱ्या दिवशी सुजलेले डोळे घेऊन आली, आणि वर्गात ती तिसरी होती. ८० मी अख्ख्या कारकिर्दीत बोटांवर मोजण्याइतक्यांनाच दिलेत.

पैशाचं. तुम्हाला आयएलआर आहे आणि तीन वर्षांहून जास्त काळ इथेच राहताय, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांची फी आणि ट्यूशन फी लोन दोन्हींना पात्र ठरायला हरकत नसावी. २०२५-२६साठी फीची कमाल मर्यादा ९,५३५ पाउंड ठरली होती. एफई कॉलेजं सहसा त्याहून कमी घेतात. कर्ज थेट कॉलेजला जातं. परतफेड पगारातून करासारखी कापली जाते: वर्षाला २५,००० पाउंडांच्या वरच्या कमाईवर ९ टक्के. म्हणजे २८,००० मिळाले तर वरच्या तीन हजारांवर वर्षाला २७०, महिन्याला साडेबावीस पाउंड. पगार २५,०००च्या आत असेल तर काहीच नाही. ४० वर्षांनी उरलेलं माफ. सावकाराच्या कर्जासारखी धास्ती घेऊ नका, पण फुकटही समजू नका, व्याज चढतं. पूर्णवेळ असाल तर मुलांच्या सांभाळासाठी चाइल्डकेअर ग्रँट मागता येते. पार्ट-टाइमला ती नाही. पूर्णवेळ की पार्ट-टाइम हे ठरवताना हा फरक कागदावर मांडून बघा.

तुमच्यासारखीच परिस्थिती पण डिपेंडंट व्हिसावर असलेल्यांनी थांबावं: शिकायला बंदी नाही, पण फी परदेशी विद्यार्थ्यांची पडते. ज्यांनी भारतात बीकॉम-बीए केलंय त्यांना आणखी एक अडसर आहे. आधीची पदवी असेल, ती परदेशातली असली तरी, त्याच किंवा खालच्या पातळीच्या अभ्यासक्रमाला सहसा कर्ज मिळत नाही. गंमत बघा, तुम्ही बारावीवर थांबलात म्हणून तुम्हाला कर्ज मिळतंय. जानेवारी २०२७पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ही व्यवस्थाच बदलून एकूण चार वर्षांच्या फीइतका हक्क प्रत्येकाच्या नावे ठेवायचं सरकारने जाहीर केलं आहे. म्हणून पदवीधरांनी घाई करण्याआधी स्टुडंट फायनान्सला, म्हणजे हे कर्ज देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, फोन करावा. आणि पुण्या-नाशकातून जे विचारतात, ‘या डिग्रीसाठी स्टुडंट व्हिसावर येऊ का?’ त्यांना माझं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा पूर्ण पदवीवर मिळतो, फाउंडेशन डिग्रीवर नाही. भारतात परत जाऊन नुसती फाउंडेशन डिग्री दाखवली तर तीही पदवी म्हणून धरली जाणार नाही.

नवरोबांचा बूटकॅम्प अगदीच टाकाऊ नाही. सरकारी पैशावर चालणारे स्किल्स बूटकॅम्प सोळा आठवड्यांपर्यंतचे असतात आणि शेवटी एक मुलाखत हमखास देतात. पण ज्यांच्याकडे आधी पदवी किंवा आयटीतला अनुभव आहे त्यांना त्याचा उपयोग होतो. ते त्यांच्या सीव्हीला ठिगळ लावतात. तुमच्याकडे ठिगळ लावायला आधी कापडच हवं. नवरोबांना हेही विचारा की त्यांच्या ऑफिसात पदवी नसलेली, फक्त बूटकॅम्प केलेली किती माणसं गेल्या वर्षी घेतली. आयटीतल्या नवऱ्याला घरात हे उत्तर द्यायला लावणं तसं बरंच असतं.

नोकरी कोणती? दोन वर्षांनंतर आयटी सपोर्ट, हेल्पडेस्क, शाळा-कौन्सिलांतले टेक्निशियन, डेटा नोंदी आणि अहवाल सांभाळणारी पदं. डेव्हलपर व्हायचं असेल तर टॉप-अप कराच. जाहिरातीत ‘पदवी’ लिहिलेली असते आणि अर्ज चाळणारा माणूस २४० आणि ३६०चं गणित करत बसत नाही. नणंदबाईंचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

सप्टेंबरच्या प्रवेशाला अजून वेळ असेल तर आता एवढंच करा. ओपन युनिव्हर्सिटीचं ओपनलर्न मोफत आहे, त्यावर प्रोग्रामिंगचा एक छोटा कोर्स निवडा आणि सहा आठवडे, रोज रात्री नऊ ते अकरा, बसून बघा. कोर्स संपला नाही तरी चालेल. किती रात्री बसता आलं आणि कशामुळे उठावं लागलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. सहा आठवड्यांत पंचवीस रात्री झाल्या तर अर्ज भरा. दहाच झाल्या तर पार्ट-टाइमचं विचारा, किंवा घरात कोण काय उचलणार याची आधी बैठक घ्या.

पूर्णवेळचा अर्ज यूकास या प्रवेश-अर्जांच्या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातो. आता लांबलचक निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. हाच विषय का, आधीच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिसऱ्यात डब्यांची वही घाला. नुसतं ‘मला संगणकाची आवड आहे’ लिहू नका, ते सगळेच लिहितात. कच्चा मसुदा मराठीत लिहून पाठवलात तरी चालेल, मी बघून देईन.